लाल गाडीला सगळं माफ?

एफआयए म्हणजे फेरारी इंटरनॅशनल असिस्टन्स. फॉर्म्युला वन बघणाऱ्या प्रत्येकाने हा जोक कधी ना कधी ऐकलेला असतो, आणि फेरारीचा फॅन नसेल तर स्वतः मारलेलाही असतो. मी तर उदंड मारलाय, कारण मी मॅक्लारेनच्या मिका हॅकिनेनचा माणूस, 1998 आणि 1999 हे दोन्ही सीझन नखं कुरतडत बघितलेल्यांपैकी. तेव्हा आधीच सांगून टाकतो, तटस्थ वगैरे मी नाही. पुढे जे लिहिलंय ते मॅक्लारेनवाल्याच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, ज्याला चालणार नाही त्याने इथेच उतरावं.

तर प्रश्न जुनाच आहे. खेळाचे नियम बनवणारी, गाड्या मोजणारी, पेनल्ट्या देणारी संस्था, म्हणजे एफआयए, एका टीमला, म्हणजे लाल गाडीवाल्या फेरारीला, झुकतं माप देत होती का? आमच्या ग्रुपमध्ये एक कट्टर फेरारीवाला आहे, त्याच्याशी या विषयावर इतक्या वेळा भांडलोय की आता त्याची वाक्यं मला पाठ आहेत आणि माझी त्याला. पण मध्यंतरी जुन्या रेस पुन्हा बघत बसलो आणि त्या त्या वेळचे निर्णय जरा शांत डोक्याने वाचले, तेव्हा वाटलं की आम्ही दोघंही इतकी वर्षं भलत्याच ठिकाणी खोदत बसलोय.

सिल्व्हरस्टोन, जुलै 1998. पाऊस, घसरगुंडी, हॅकिनेनची भलीमोठी आघाडी सेफ्टी कारने (धोका असताना सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवायला लावणारी गाडी) पुसून टाकलेली. त्याच सेफ्टी कारच्या मागे असताना फेरारीच्या मायकेल शूमाकरने एक लॅप मागे पडलेल्या गाडीला ओव्हरटेक केलं, जे करायचं नसतं. स्टुअर्डनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, दहा सेकंदांची पेनल्टी दिली, पण ती कळवायला पंचवीस मिनिटांची मुदत होती आणि यांनी लावला त्याहून जास्त वेळ, वर हाताने लिहिलेल्या त्या चिठ्ठीतून नक्की कुठली पेनल्टी दिलीय तेच कळेना, पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेची, टीमनी गाडीचं काम करायची जागा) येऊन दहा सेकंद थांबायचंय की रेस संपल्यावर दहा सेकंद वाढणारेत. फेरारीने काय केलं, शूमाकरला शेवटच्या लॅपला पिटमध्ये बोलावलं. पिटमधली फेरारीची जागा फिनिश लाइनच्या पुढे होती. म्हणजे तो शिक्षा भोगायला पिट लेनमधून निघाला आणि भोगायच्या आधीच लाइन क्रॉस करून रेस जिंकला! पेनल्टी रद्द झाली, मॅक्लारेनचं अपील फेटाळलं गेलं, निकाल कायम.

तेव्हा मी काय काय बोललो असेन ते विचारू नका. पण आता बघताना जाणवतं की यात फेरारीवरचं प्रेम कुठे दिसत नाही, दिसतो तो नुसता ढिसाळपणा. वेळेत चिठ्ठी द्यायची, नीट लिहायची, एवढंही जमलं नाही. आणि तिघा स्टुअर्डनी नंतर आपापली लायसन्स परत केली. पक्षपात करणारा माणूस लायसन्स परत कशाला करेल? हां, फेरारीच्या हुशारीला मात्र दाद द्यायला हवी, फट दिसली आणि गाडी घातली.

पुढच्या वर्षीचं मलेशिया मात्र अजून घशाखाली उतरत नाही. सेपांगची पहिलीच रेस, ऑक्टोबर 1999. शूमाकर पाय मोडून काही महिने घरी बसलेला, तो परत आला आणि काय चालवली म्हणून सांगू त्या दिवशी, पुढे जायचं, टीममेट आयर्व्हाइनला पुढे सोडायचं, मागच्या हॅकिनेनला अडकवून ठेवायचं, सगळं एकटा माणूस करत होता. आयर्व्हाइन पहिला, शूमाकर दुसरा, हॅकिनेन तिसरा. आणि मग तपासणीत सापडलं की फेरारीच्या पुढच्या चाकांमागे जे उभे पंखे असतात, बार्जबोर्ड, ते मापात नाहीत. दहा मिलिमीटरचा फरक. दोन्ही गाड्या बाद. म्हणजे एक रेस बाकी असतानाच हॅकिनेन चॅम्पियन आणि टीम म्हणून मॅक्लारेनही चॅम्पियन. फेरारीच्या लोकांनी चूक मान्य केल्यासारखंच होतं, उत्पादनात गडबड झाली, स्पीडसाठी त्याचा काही फायदा नव्हता, असा त्यांचा सूर होता.

आठवड्याच्या आत पॅरिसच्या अपील कोर्टात सगळं उलटं झालं. मोजण्याची पद्धत पुरेशी अचूक नव्हती, गाडी नीट धरून मोजलं तर फरक पाच मिलिमीटरच्या सवलतीत बसतो, असं ठरलं. निकाल परत फेरारीचा. ज्या गोष्टीबद्दल फेरारी स्वतःच 'चुकलं' म्हणत होती ती कोर्टाच्या मते चुकलीच नव्हती. बरं, हे तांत्रिकदृष्ट्या खरंही असू शकतं, वाकड्या भागाचं माप वेगवेगळ्या कोनातून वेगळं येतं हे मला पटतं. पण मग सेपांगला ज्यांनी मोजलं ते कोण होते, त्याच संस्थेचे ना? तिथलं माप चुकीचं आणि पॅरिसमधलं बरोबर, हे कसं काय?

पुढे शेवटच्या रेसला, जपानमधल्या सुझुकाला, हॅकिनेन जिंकला आणि दोन पॉइंटांनी चॅम्पियन झाला, त्यामुळे लोक हे प्रकरण विसरून गेले. पण टीमची चॅम्पियनशिप बघा: फेरारी 128, मॅक्लारेन 124. मलेशियाचे सोळा पॉइंट काढले असते तर ती मॅक्लारेनची होती. फेरारीची 1983 नंतरची पहिली टीम चॅम्पियनशिप त्या पाच मिलिमीटरच्या सवलतीवर उभी आहे, आणि त्यानंतर सलग पाच वर्षं त्यांना कोणी हलवू शकलं नाही.

2003 चं टायर प्रकरणही याच पठडीतलं. हंगेरीची रेस झाली, शूमाकर आठवा आला, तोही एक लॅप खाऊन. टेबल असं: शूमाकर 72, मोंटोया 71, मॅक्लारेनचा रायकोनेन 70. दोन्ही चॅलेंजर मिशेलिनच्या टायरवर, फेरारी ब्रिजस्टोनवर. आणि नेमकं तेव्हाच, फेरारी-ब्रिजस्टोनच्या तक्रारीनंतर, एफआयएने सांगितलं की पुढच्या टायरची 270 मिलिमीटरची कमाल रुंदी आता रेसनंतर, वापरलेल्या टायरवर मोजणार. आत्तापर्यंत नवीन टायर मोजायचे. मिशेलिनला तीन आठवड्यांत नवीन टायर करावे लागले. उरलेल्या तिन्ही रेस फेरारीने जिंकल्या, शूमाकर दोन पॉइंटांनी चॅम्पियन. आमचा फेरारीवाला म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. मी म्हणतो, कावळा दरवेळी आमच्याच फांदीवर बसतो.

2006 ला रेनोचा मास डॅम्पर. गाडीच्या नाकात स्प्रिंगवर बसवलेलं एक वजन, गाडी उडू नये म्हणून. आदल्या वर्षीपासून वापरात, सगळ्यांना माहीत. सीझनच्या मध्यात अचानक बेकायदा. जर्मनीत स्टुअर्डनी चालेल म्हटलं, तर एफआयएने स्वतःच्याच स्टुअर्डविरुद्ध अपील केलं आणि जिंकलं. मग मोंझाला क्वालिफायिंगमध्ये (रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) रेनोच्या अलोन्सोने फेरारीच्या मासाला अडवलं म्हणून त्याचे टाइम काढून घेतले, पाचव्या नंबरवरून दहावा. ज्यांनी तो व्हिडिओ बघितलाय त्यांना माहितीय की दोन गाड्यांमध्ये किती अंतर होतं. अलोन्सो इतका भडकला की मी आता फॉर्म्युला वनला खेळ मानत नाही असं उघड बोलला.

2008 चं स्पा तर सगळ्यांनाच आठवत असेल. शेवटच्या लॅप, पाऊस, मॅक्लारेनचा हॅमिल्टन आणि आता फेरारीत असलेला रायकोनेन एकमेकांना भिडलेले, हॅमिल्टन शिकेनमध्ये (गाड्या हळू व्हाव्यात म्हणून केलेलं नागमोडी वळण) बाहेर ढकलला गेला, शॉर्टकट घेऊन पुढे आला, जागा परत दिली, आणि लगेच पुढच्या वळणाला पुन्हा ओव्हरटेक. मॅक्लारेनचं म्हणणं होतं की आम्ही रेस कंट्रोलला विचारलं, जागा परत दिलेली ठीक आहे ना, तर हो म्हणाले. रेस संपल्यावर पंचवीस सेकंदांची पेनल्टी, हॅमिल्टन तिसरा, फेरारीचा मासा विजेता. अपील केलं तर सांगितलं की या प्रकारच्या पेनल्टीवर अपीलच करता येत नाही. त्याच्या आधीच्या रेसला, व्हॅलेन्सियात, मासाला पिटमधून दुसऱ्या गाडीच्या अंगावर सोडलं गेलं होतं, त्याला काय शिक्षा, दहा हजार युरो दंड. रेसचा निकाल जसाच्या तसा.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, केस झाली की पक्की. नाही ना होत. कारण हीच यादी फेरारीवाला उलट्या बाजूने वाचतो आणि त्याचीही यादी खोटी नाही.

1997 ला हेरेझमध्ये शूमाकरने टायटलसाठी भिडलेल्या व्हिलनवच्या अंगावर गाडी घातली तेव्हा त्याचं वर्षाचं दुसरं स्थानच काढून घेतलं होतं (मी यावर म्हणतो, तीन-चार रेससाठी बॅन का नाही केला, पण ते असो). 2006 ला मोनॅकोत त्याने क्वालिफायिंगच्या शेवटी गाडी रास्कास वळणावर 'पार्क' केली, तर पोल (सगळ्यात पुढची जागा) काढून सगळ्यात मागे पाठवलं. 2002 ला शूमाकर जुलैमध्येच चॅम्पियन झाला तेव्हा लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून पॉइंटची पद्धत बदलली, दुसऱ्या नंबरला सहाच्या जागी आठ, आणि म्हणूनच तर 2003 इतकं अटीतटीचं झालं, एकच रेस जिंकलेला रायकोनेन शेवटपर्यंत टिकला. आणि 2004 ला फेरारीने अठरापैकी पंधरा रेस जिंकल्यावर 2005 साठी नियम आणला की एकच टायरचा सेट क्वालिफायिंग आणि पूर्ण रेसला वापरायचा. ब्रिजस्टोनला ते झेपलं नाही. फेरारी त्या वर्षभरात एक, फक्त एक रेस जिंकली. मदत करणारी संस्था असं करेल का?

आणि ती एक रेस कुठली, तर इंडियानापोलिस. शुक्रवारी मायकेलचा भाऊ राल्फ शूमाकर याची मिशेलिनवरची गाडी उंच वळणावर भिंतीला धडकली, मिशेलिननेच सांगितलं की आमचे टायर या वळणावर टिकतील याची खात्री नाही. उपाय सुचवला गेला की त्या वळणाआधी एक तात्पुरती शिकेन टाका. फेरारी सोडून बाकी टीम तयार होत्या. एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली नाही म्हणाले, शिकेन टाकलीत तर ती चॅम्पियनशिपची रेस धरली जाणार नाही. परिणामी रेस सुटण्याआधीची फॉर्मेशन लॅप झाली आणि मिशेलिनच्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये वळल्या, लाखभर लोकांसमोर सहा गाड्यांची रेस झाली. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. आपल्यासाठी गंमत अशी की त्या सहातला एक नारायण कार्तिकेयन. चौथा आला, पाच पॉइंट, भारतीय ड्रायव्हरचे फॉर्म्युला वनमधले पहिले पॉइंट. मी एकाच वेळी टीव्हीवर शिव्या घालत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. आणि खरं सांगू का, नियमाप्रमाणे बघितलं तर मोस्ली चुकीचे नव्हतेच. चुकीचे टायर आणले मिशेलिनने, त्याची किंमत ब्रिजस्टोनवाल्यांनी का द्यायची? हे वाक्य एका मॅक्लारेनवाल्याने लिहिलंय याची नोंद घ्यावी.

म्हणजे एकेक निर्णय उचलून बघितला तर प्रत्येकाला काहीतरी स्पष्टीकरण आहे. थोडा ढिसाळपणा, थोडी किचकट नियमांची भाषा, थोडा 'शो मस्ट गो ऑन'चा मोह. मलेशियाचा निकाल बदलला म्हणून सुझुकाला चुरस राहिली, मोंझाच्या पेनल्टीने 2006 ब्राझीलपर्यंत गेलं, स्पाच्या पेनल्टीने 2008 ब्राझीलच्या शेवटच्या वळणापर्यंत. संस्थेला लाल गाडीपेक्षा शेवटच्या रेसपर्यंत चालणारा सीझन जास्त आवडतो असंही म्हणता येईल. ही थिअरी मला बरेच दिवस आवडत होती, पण 2003 चे टायर तिच्यात बसत नाहीत, तेव्हा चुरस आधीच होती, तीन माणसं दोन पॉइंटांत. ती कमीच झाली.

आम्ही दोघं हे असं मिलिमीटर आणि सेकंद मोजत भांडत होतो, आणि खरी गोष्ट एका करारात लिहून ठेवलेली होती.

व्हेटो. फेरारीकडे नियमांवर नकाराधिकार आहे. हे सामान्य प्रेक्षकाला धडपणे कळलं 2009 मध्ये, तेही कसं, तर एफआयएने बजेटला चाळीस मिलियन पौंडाची मर्यादा आणायचं ठरवलं, फेरारी चिडून पॅरिसच्या कोर्टात गेली आणि तिथे म्हणाली की आमच्याकडे व्हेटो असताना हे आमच्या संमतीशिवाय कसं केलंत. कोर्टात ते हरले, पण व्हेटो आहे हे जगजाहीर झालं. त्याची मुळं एन्झो फेरारीच्या काळात, 1980 च्या दशकात. तेव्हा बहुतेक टीम ब्रिटिश, त्यातल्या बऱ्याच जणींकडे कॉसवर्थचं तेच इंजिन, आणि फेरारी तिकडे इटलीत एकटी, स्वतःचं इंजिन स्वतः बनवणारी, बाकीचे एकत्र येऊन आपल्याला चिरडतील ही भीती, म्हणून त्यांना हे संरक्षण दिलं. कारण पटण्यासारखं आहे. पण ती परिस्थिती बदलली, फेरारी सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात ताकदवान टीम झाली, तरी संरक्षण तसंच. 2005 च्या सुरुवातीला बाकीच्या टीम एकत्र येऊन जास्त पैसे मागत होत्या तेव्हा फेरारीने एकटीने पुढचा करार सही केला, आणि 2015 ला छोट्या टीमना इंजिन स्वस्तात मिळावं म्हणून किमतीवर मर्यादा आणायचं ठरलं, तेव्हा फेरारीने तो व्हेटो वापरून हाणून पाडलं. जोडीला ते वेगळे पैसे, जुनी टीम म्हणून, निकाल काहीही लागो.

मला हे कळलं तेव्हा राग आला नाही, एक प्रकारे हसूच आलं. म्हणजे सेपांगला कुणीतरी पट्टी तिरकी धरली का, यावर मी वर्षानुवर्षं वाद घालतोय आणि इथे स्पर्धेतल्या एका टीमला कायदेशीरपणे सांगून ठेवलंय की नियम तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. अशा ठिकाणी स्टुअर्ड विकत घ्यायची गरजच काय? तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिक निर्णय देत असेल. पण ज्याला नाराज केलं तर खेळच सोडून जाईल अशी भीती वरपासून खालपर्यंत मुरलेली आहे, त्याच्या गाडीवर पट्टी ठेवताना हात जरा जपून चालणारच. कुणी फोन करावा लागत नाही.

आणि वर माणसं तीच. ज्याँ टॉड 1993 ते 2007 फेरारीची टीम चालवत होते, सेपांगला तेच, टायरच्या वेळी तेच, आणि 2009 च्या शेवटी ते एफआयएचे अध्यक्ष. 2010 ला हॉकेनहाइममध्ये मासाला रेडिओवर सांगितलं की फर्नांडो (म्हणजे अलोन्सो, तेव्हा फेरारीत मासाचा टीममेट) तुझ्यापेक्षा फास्ट आहे, कळलं ना, आणि मासाने पहिली जागा सोडून दिली. टीम ऑर्डरवर, म्हणजे आपल्याच ड्रायव्हरला जागा सोडायला सांगण्यावर, तेव्हा बंदी होती. एक लाख डॉलर दंड झाला, पॉइंट तसेच राहिले, आणि पुढच्या वर्षीपासून ती बंदीच उठवली. टॉड यांनी मुद्दाम काही केलं असं माझं म्हणणं नाही, उलट त्यांच्या काळात फेरारीला एकही टायटल मिळालं नाही. पण 28 फेब्रुवारी 2020 ला जे झालं ते त्यांच्याच अध्यक्षपदाखाली झालं आणि ते मात्र मी कुठल्याच चष्म्यातून नीट बघू शकत नाही.

2019 च्या दुसऱ्या अर्ध्यात फेरारीचं इंजिन सरळ रस्त्यावर बेफाम पळत होतं. स्पा, मोंझा, सिंगापूर, लागोपाठ तीन. इंजिनाला तासाला शंभर किलोच्या वर इंधन द्यायचं नाही असा नियम, आणि ते मोजायला सेन्सर. बाकीच्यांना शंका की सेन्सरला चकवलं जातंय. ऑस्टिनच्या रेसच्या सुमारास एफआयएने त्याबद्दल खुलासा करणारं पत्रक काढलं आणि फेरारीचा तो स्पीड ओसरला. चौकशी झाली. आणि बार्सिलोनातल्या टेस्टिंगच्या शेवटच्या दिवशी, टेस्टिंग संपता संपता, एक छोटं निवेदन आलं की एफआयए आणि फेरारी यांच्यात समझोता झालाय आणि तपशील गुप्त राहतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीमनी मिळून निषेधाचं पत्र काढलं, तेव्हा एफआयए म्हणाली की इंजिन कायम नियमात चालत होतं याबद्दल आमचं पूर्ण समाधान नव्हतं, पण ते ठामपणे सिद्ध करता येत नव्हतं. मग सिद्ध होत नसेल तर निर्दोष म्हणा ना! आणि दोषी असेल तर शिक्षा करा. समझोता कसला करता, हा काय जमिनीचा दावा आहे? 2007 ला फेरारीची कागदपत्रं मॅक्लारेनच्या माणसाकडे सापडली तेव्हा शंभर मिलियन डॉलर दंड आणि टीमचे वर्षाचे सगळे पॉइंट गेले, ती सुनावणी आणि तो निकाल जगाने वाचला. गुन्हा होता, शिक्षा झाली, माझी तक्रार नाही. पण तिथे उघडं आणि इथे बंद दार, एवढंच मला विचारायचंय.

2020 ला फेरारी सहावी आली. 1980 नंतरचा त्यांचा सगळ्यात वाईट सीझन. काय ते समजून घ्या.

आजकाल बोट दुसरीकडे असतं हेही खरं. 2021 ला अबू धाबीत रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी शेवटच्या लॅपसाठी मोजक्या पाचच गाड्यांना सेफ्टी कारच्या पुढे जाऊ दिलं आणि रेड बुलचा व्हरस्टापेन चॅम्पियन झाला, तेव्हापासून नव्या पोरांना एफआयए रेड बुलची वाटते. नंतर त्याच वर्षाचं बजेट रेड बुलने ओलांडलं तर सात मिलियन डॉलर आणि विंड टनेलच्या (गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासायची सोय) वेळेत दहा टक्के कपात, आणि पुढच्या दोन्ही सीझनमध्ये तेच चॅम्पियन, 2023 ला तर बावीसपैकी एकवीस रेस. त्याआधी मर्सिडीजने 2013 ला चालू सीझनमध्ये टायरवाल्या पिरेलीबरोबर हजार किलोमीटरचं टेस्टिंग गुपचूप केलं आणि शिक्षा काय, तर तंबी आणि तरुण ड्रायव्हरांच्या टेस्टला येऊ नका. मोठ्या टीमला शिक्षा होते पण ती लागत नाही, हे रंगावर अवलंबून नाही असं आता वाटतं. फरक एवढाच की रेड बुल आणि मर्सिडीजकडे तो व्हेटोचा कागद नाही. 2021 पासूनच्या करारात तो थोडा आवळला म्हणतात, काढला नाही.

हे सगळं परवा फेरारीवाल्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, व्हेटोचा मुद्दा तर मान्यही केला, आणि मग म्हणाला, "सगळं खरं रे, पण मग 2008 नंतर आम्हाला एक टायटल का नाही मिळालं ते सांग. एवढी मदत आहे तर गेली कुठे?" मी म्हटलं, व्हेटोने नियम अडवता येतो, चौथ्या लॅपला चुकीचे टायर घालायचं कसं अडवणार. त्यावर तो हसला नाही.